फेज गेल्यावर

आमच्या भागात माणसाला काहीही झालं की खापर शिरेवर फुटतं. हाताला मुंग्या आल्या, शीर दबली. मान आखडली, शीर चढली. रक्त वाहतं तीही शीर आणि ज्यातून संदेश जातो तीही शीरच. मी गेली वीस-बावीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो, म्हणजे चेतापेशी, मज्जातंतू, मज्जारज्जू असले इस्त्री केलेले शब्द फळ्यावर लिहून पगार घेतो. मज्जारज्जूत मज्जा नसते, मज्जा असते हाडाच्या पोकळीत. जुन्या शरीरशास्त्रज्ञांना मणक्यातला तो मऊ दोर मज्जेसारखा दिसला आणि नाव चिकटलं, हेही मी दरवर्षी सांगतो. मागच्या बाकावरची पोरं दरवर्षी हसतात.

दादाला सोलापूरला नेलं त्या रात्री डॉक्टरांनी यातला एकही शब्द वापरला नाही. ते म्हणाले, "कॉर्डला मार आहे." कॉर्ड म्हणजे तोच मज्जारज्जू. माय बाहेर बाकड्यावर बसली होती. पहाटे तिनं मला विचारलं, "कार्डाला काय झालंय रे? दुसरं काढून नाही का देत?" तिच्या आयुष्यात कार्ड एकच होतं, रेशनचं. मी तिला काही बोललो नाही. काय बोलायला पाहिजे होतं ते मला कळायला पुढं बरीच वर्षं लागली.

२००९ चा एप्रिल. लामजन्याच्या अलीकडं आमचं गाव, आणि रस्त्यावर दादाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. एका गिऱ्हाइकाची विहिरीतली मोटार जळाली होती, ती वर काढायला दादा स्वतः उतरला. मला सुट्टी होती म्हणून मी काठावर. विहीर चार परसाची, पाणी पार तळाला. मधल्या टप्प्यावर उभा राहून तो मोटारीला दोर बांधत होता. सकाळचे नऊ वाजले असतील. पाय शेवाळावरून गेला की टप्प्याचा दगड सुटला, हे आजवर ठरलेलं नाही. दोन पुरुष उंचीवरून तो खाली काळ्या खडकावर पाठीवर पडला. आवाज फार झाला नाही. आम्ही पायऱ्या उतरून पोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाला, "माझे पाय पाण्यात हायेत का?"

पाय कोरड्या खडकावर होते.

त्याच्या आदल्याच महिन्यात मी वर्गात फळ्यावर प्रतिक्षिप्त क्रियेची आकृती काढली होती. मणक्याला मार लागलेल्या माणसाला उठवू नये, बसवू नये, मान-पाठ एका रेषेत ठेवून फळीवर घ्यावं, हे मला ठाऊक होतं. परीक्षेत आलं असतं तर लिहिलं असतं. प्रत्यक्षात मी दादाच्या दोन्ही काखांत हात घातले. दुसऱ्यानं गुडघे धरले. छातीला दोर बांधून त्याला पायरीपायरीनं वर काढला, आणि जीपच्या मागच्या सीटवर बसवून मी त्याला मिठीत धरून लातूरपर्यंत नेला. बसवून. खड्डा आला की त्याची मान माझ्या खांद्यावर आपटायची.

असं का केलं, याचं माझ्याकडं एकच उत्तर आहे आणि ते १९९३ मधलं आहे. ३० सप्टेंबर, आदल्या दिवशी गणपती बुडवलेले, पहाटे चारला चार मिनिटं कमी, भूकंप. किल्लारी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर म्हटलं तरी चालेल. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर जड माळवद, अशीच सगळी घरं होती. ती झोपलेल्या माणसांवर बसली. मी पंधरा वर्षांचा होतो, दादा एकविसाचा. उजाडल्यावर आम्ही दोघं दुसऱ्यांच्या घरांवर माती उकरत होतो. त्या दिवसात हात एकच गोष्ट शिकले: माणसाचा हात दिसला की धरायचा आणि ओढायचा. उशीर झाला की माती गिळते. त्या ओढण्यात कुणाच्या मणक्याचं काय झालं असेल, हा विचार तेव्हा कुणाला शिवला नाही, आणि शिवण्यासारखी ती घटकाही नव्हती. सोळा वर्षांनी विहिरीच्या तळाशी माझ्या डोक्यानं नाही, त्या हातांनी काम केलं. (ही सबब आहे, हे मला कळतं. तरी लिहून ठेवतो.)

आता रस्त्यावर कुणी पडलं की पोरं १०८ लावतात. ती गाडी महाराष्ट्रात आली २०१४ साली. आम्ही लातूरच्या एका दवाखान्यात गेलो, तिथं एक्स-रे झाला, आणि पुढचं इथं होणार नाही म्हणून सोलापूरला पाठवलं. मधे मी पैशासाठी पतसंस्थेत गेलो. ती उघडते अकराला. गाडीवाल्यानं तुळजापूरजवळ चहाला गाडी थांबवली, पंधरा मिनिटं. सोलापूरला पोचलो तेव्हा साडेसहा झाले होते. तरुण डॉक्टर होते, चिडके नव्हते. त्यांनी विचारलं, "पडले किती वाजता?" मी सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं. "साडेनऊ तास. आठ तासांच्या आत आला असतात तर एक इंजेक्शन होतं."

एवढंच म्हणाले ते. त्या दिवसापासून मी हिशेब मांडत बसलो. बाहेर काढायला अर्धा तास, पतसंस्थेत दीड, लातूरला अडीच, चहाला पाव. दीड तास कुठून तरी वाचवायचा होता. पतसंस्थेचा दीड तास बरोबर तेवढाच भरतो.

तीन महिन्यांनी दादा घरी आला. पाठीत रॉड-स्क्रू, बेंबीखाली काहीही कळत नाही. ढाळजेत खाट टाकली. पहिले काही दिवस माणसांची रीघ, मग ती ओसरली, आणि एका दुपारी त्यानं मला विचारलं, "मास्तर, नेमकं काय जळालं?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"मोटार जळाली की आपण उघडून बघतो. कुठल्या स्लॉटमधनं सुरू झालं, कुठवर गेलं, सगळं काळं-पिवळं दिसतंय. माझं कुणी उघडून बघितलंच नाही. वरनं पट्टी मारली आन् सोडलं. तू शिकलेला हाईस, सांग की."

मला सांगता येईना. बारावीच्या पुस्तकात चेतापेशी कशी काम करते ते असतं. ती मरते कशी, हे परीक्षेला नसतं. मग मी वाचायला लागलो. आधी कॉलेजच्या ऑफिसातल्या संगणकावर, पोरं घरी गेल्यावर, पुढं मोबाइलवर. समजेल तसं दादाला सांगत गेलो. खरं तर त्यानंच मला समजावलं, कारण मी वाचलेल्या प्रत्येक गोष्टीला त्याच्या दुकानात जागा होती.

पहिली गोष्ट त्याला पटेना. त्याला वाटत होतं दोर तुटला. बहुतेक वेळा तो तुटत नाही. करंगळीएवढा जाड, पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास लांब, वजनाला छटाकभरसुद्धा भरणार नाही असा हा दोर हाडाच्या नळीत, पाण्यात तरंगत असतो. मणका पिचतो, क्षणभर आत घुसतो, दोर चेपतो. कलिंगड हातातून पडतं तेव्हा सालीवर कधीकधी ओरखडाही नसतो आणि चिरल्यावर आत गराचा लगदा निघतो, तसं. दोराचा मधला भाग, फुलपाखराच्या आकाराचा करडा भाग, तिथं चेतापेशींची मुख्य धडं असतात आणि केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. ते आधी फुटतं. कडेनं जाणारे लांब धागे, मेंदूकडून पायाकडं आणि पायाकडून मेंदूकडं, त्यातले काही त्या क्षणी फाटतात. बरेचसे फाटत नाहीत. दादाच्या एमआरआयवरही दोर सलग होता, फक्त फुगलेला आणि मधे पांढरट.

"मग सलग असून चालत कामून नाही?"

इथून खरी गोष्ट सुरू होते. १९११ साली अमेरिकेत आल्फ्रेड रेजिनाल्ड अ‍ॅलन नावाच्या डॉक्टरानं कुत्र्यांच्या उघड्या मज्जारज्जूवर ठरावीक उंचीवरून ठरावीक वजनं टाकली. प्रयोग क्रूरच. पण त्यात त्याच्या लक्षात आलं की मार बसल्यावर काही तासांत दोराला मधोमध उभी चीर देऊन आत साठलेलं रक्त आणि लगदा निचरू दिला, तर ती कुत्री न चिरलेल्या कुत्र्यांपेक्षा बरी सावरतात. म्हणजे वजनानं जेवढं करायचं ते केलेलं असतं, आणि त्यानंतर आत दुसरंच काहीतरी काम करत असतं. अ‍ॅलन पुढं पहिल्या महायुद्धात मारला गेला. ते दुसरं काहीतरी काय, हे कळायला पुढची साठ-सत्तर वर्षं गेली.

ते दादाला सांगायला मी ग्लुटामेटपासून सुरुवात केली. चेतापेशी एकमेकींशी बोलतात ती काही रसायनांतून, आणि शेजारणीला 'चल, ऊठ' म्हणणारं सगळ्यात जास्त वापरातलं रसायन म्हणजे ग्लुटामेट. चायनीजच्या गाडीवर अजिनोमोटो टाकतात ते याच आम्लाचं मीठ. नेहमी ते थेंबाथेंबानं सुटतं आणि लगेच पुसून घेतलं जातं. पेशी फुटल्या की आतला सगळा साठा एकदम बाहेर सांडतो, आणि पुसून घेणारी यंत्रणा रक्ताविना बंद पडलेली असते. मग मार न लागलेल्या शेजारच्या पेशींना सतत एकच आरोळी ऐकू येते. त्या उत्तेजित होतात, होतच राहतात आणि त्यातच मरतात. जॉन ओल्नी नावाच्या संशोधकानं उंदरांच्या पिल्लांना हेच मीठ टोचून मेंदूतल्या पेशी मेलेल्या दाखवल्या, १९६९ साली.

दादा उशीवर कोपर टेकवून ऐकत होता. म्हणाला, "सिंगल फेज."

आमच्याकडं हे दोन शब्द शिवीसारखे वापरतात. शेतातली मोटार तीन फेजवर, म्हणजे विजेच्या तीन तारांवर चालते. लाइनमधला एक फेज गेला तर मोटार बंद पडत नाही. ती घुमते. उरलेल्या दोन फेजमधून जास्तीचा करंट ओढते, तापते, आणि शेतकरी बांधावर झोपलेला असताना जळून जाते. दादाच्या दुकानात आलेल्या मोटारी बहुतेक अशाच गेलेल्या असायच्या. "फेज गेल्यानं जळत नाही मास्तर," तो म्हणाला, "घुमून जळती." इतक्या वर्षांत मी वाचलेल्या कुठल्याही शास्त्रीय लेखात इतकं नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही.

मग पुढचं सांगणं सोपं गेलं. उत्तेजित पेशीची दारं उघडी राहतात आणि बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा दहा हजार पट असतं. जिवंत राहणं म्हणजे बऱ्याच अंशी ते बाहेर उपसत राहणं, विहिरीचं काम चालू असताना झिरपणारं पाणी इंजिन लावून उपसावं लागतं तसं. रक्त थांबलं की ऊर्जा थांबते, उपसा थांबतो. आत आलेलं कॅल्शियम पेशीतल्या कात्र्या जाग्या करतं, म्हणजे एरवी आवरून ठेवलेली, प्रथिनं कापणारी विकरं. त्या पेशीचा सांगाडाच कातरायला लागतात. पेशीचं आवरण चरबीचं असतं, ते खवट होतं. हा शब्द मी उपमेसाठी घेतलेला नाही. डब्यात राहिलेलं करडईचं तेल हवेनं खवट होतं, तीच साखळी प्रक्रिया इथं चालते, आणि सांडलेल्या रक्तातलं लोह ती भडकवतं. त्यात सूज येते. सुजायला जागा नाही, भोवती हाड. सुजेनं उरलेलं रक्तही कोंडतं. काही तासांत पांढऱ्या पेशी येतात, दोन-तीन दिवसांत रक्तातून मोठ्या भक्षक पेशी येतात. मेलेलं उचलायला आलेली ही मंडळी जिवंतालाही धक्के देतात. आगीच्या ठिकाणी गर्दी झाली की काय होतं ते आपण बघतोच.

या सगळ्याला दादानं एकच प्रश्न विचारला. "प्रिव्हेंटर नाही का?"

सिंगल फेज प्रिव्हेंटर, फेज गेला की मोटार तोडून टाकणारी डबी. औषधवाल्यांनी तशी डबी बनवायचा प्रयत्न खूप केला. उंदरांत कितीतरी चालल्या. माणसांत आजवर एकही खात्रीनं चाललेली नाही. एक म्हणजे, ती फेज जाण्याआधी बसवलेली नसते. आणि दुसरं, इथं जळणं एका जागी एका कारणानं होत नाही. एक वाट अडवली की पेशी दुसऱ्या वाटेनं मरते.

त्यातली एक वाट मला सगळ्यात चमत्कारिक वाटते. काही पेशी फुटून मरत नाहीत. त्या आवरून मरतात. आकसतात, स्वतःच्या केंद्रकातल्या धाग्याचे नीट तुकडे करतात, स्वतःच्या पुड्या बांधतात आणि शेजारच्या पेशी त्या पुड्या गिळून टाकतात. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी याला जे ग्रीक नाव दिलं त्याचा अर्थ पानगळ. मार लागल्यावर ही पानगळ आठवडेच्या आठवडे चालू असते, मार लागलेल्या जागेपासून दूरसुद्धा, आणि तिच्यात जास्त करून मरतात त्या धाग्यांवर वेष्टण चढवणाऱ्या पेशी. अशी एक पेशी एका वेळी अनेक धाग्यांना वेढे घालून बसलेली असते. ती गेली की तेवढे सगळे धागे उघडे पडतात. धागा असतो, पण त्यातून संदेश पोचत नाही.

"तार शाबूत, एनॅमल गेलं," दादा म्हणाला.

"काही तारांचं तसं झालं असंल."

"एनॅमल गेलेली तार टाकूनच द्यावी लागती."

आणि एक दिवस दादाचा पाय उडाला. पडून सातवा-आठवा आठवडा असेल, तेव्हा तो दवाखान्यातच होता. पांघरूण बदलताना डावा गुडघा झटक्यात वर आला आणि थरथरत राहिला. माय किंचाळली, आनंदानं. तिनं तिथूनच तुळजापूरचा नवस बोलून टाकला. वॉर्डातल्या बायका जमा झाल्या. वहिनी माझ्याकडं बघत होती. माझं तोंड बघून तिला काय कळायचं ते कळलं. पण त्या दिवशी मी मायला काही सांगितलं नाही, नवस फेडायला मी स्वतः गेलो.

कारण तो पाय मेंदूनं हलवला नव्हता. मारानंतर पहिले काही आठवडे खालचा दोर गप्प असतो, मग तो एकटाच जागा होतो. वर्गातली तीच आकृती: त्वचा, संवेदी धागा, मज्जारज्जू, प्रेरक धागा, स्नायू. वरचा लगाम सुटल्यामुळं आता जरा स्पर्श झाला तरी सगळा पाय उसळी घेतो. हे सांगायला मला जड गेलं, पण यातच एक गोष्ट होती जी मला स्वतःला तोवर उमगली नव्हती. दादाच्या पायाला हलवणाऱ्या चेतापेशी जिवंत होत्या. जखमेच्या खाली, आपापल्या जागी, स्नायूला जोडलेल्या, तल्लख. आणि वर मेंदूत ज्या पेशी पायाला हुकूम देतात त्याही बहुतेक जिवंतच असतात. मधल्या काही सेंटिमीटरमधलं तेवढं गेलं.

मग मेलं कोण? करड्या भागातल्या जागच्या पेशी मेल्या, त्या परत येत नाहीत. पण चालणं गेलं ते मुख्यतः धागे गेल्यामुळं. मेंदूतल्या एका पेशीचा धागा कमरेपर्यंत येतो, जवळजवळ हातभर लांब. तो मधे तुटला की धडापासून वेगळा झालेला खालचा तुकडा मरतो. ऑगस्टस वॉलरनं हे १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून दाखवलं. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं सगळे समजत होते की तोडलेल्या उसाचं वाढं सुकतं तसा तो तुकडा पोषण तुटल्यानं सुकतो. १९८९ मध्ये ऑक्सफर्डच्या मंडळींना उंदरांची एक जात सापडली, जिच्यात कापलेला धागा दीड-दोन दिवसांत न मोडता दोन-दोन आठवडे टिकतो. म्हणजे सुकणं आपोआप होत नव्हतं. धाग्याच्या आतच स्वतःला मोडायचा एक बेत असतो. २०१२ मध्ये तो बेत सुरू करणारं प्रथिनही सापडलं. ते नसलेल्या माशीत आणि उंदरात कापलेले धागे तसेच उभे राहतात. आणि वरचा तुकडा, मेंदूला जोडलेला, तो टोकाशी गाठीसारखा फुगतो, थोडा मागं सरतो आणि तिथंच थांबून राहतो. वर्षानुवर्षं.

हे मी रात्री वाचलं तेव्हा झोप लागली नाही. दादाच्या पाठीत, रॉड-स्क्रूच्या थोडं वर, हजारो टोकं अशी थांबलेली आहेत.

हाताची नस कापली तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीनं ती वाढते. मज्जारज्जूतली वाढत नाही. वाढायची धमकच तिच्यात नसते, असं पूर्वी मानत. १९८१ मध्ये कॅनडात अग्वायो आणि डेव्हिड यांनी उंदराच्या पायाच्या नसेचा तुकडा मज्जारज्जूला पुलासारखा जोडला, तेव्हा त्याच धाग्यांनी त्या पुलात सेंटिमीटरच्या सेंटिमीटर वाढून दाखवलं. म्हणजे दोष थोडा पेशीचा, थोडा शेजाराचा. जखमेभोवती जो व्रण तयार होतो त्याला कितीतरी वर्षं भिंत म्हणून शिव्या दिल्या गेल्या. २०१६ मध्ये उंदरांत तो होऊच दिला नाही तर वाढ आणखी कमी झाली. शास्त्रज्ञांचं असं मधेच तोंडावर पडणं मला आवडतं. वर्गात सांगतो.

तसंच एक तोंडावर पडणं माझ्या वाट्याला आलं. ते आठ तास.

ते इंजेक्शन म्हणजे मिथाइल प्रेडनिसोलोन, मोठ्या मात्रेतलं स्टेरॉइड. १९९० मध्ये अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीवरून जगभर ते सुरू झालं. ती चाचणी मी मुळातून वाचली ती २०१६ च्या सुमारास. सगळे रुग्ण एकत्र धरले तर औषधानं ठळक फरक पडलेला नव्हता. आठ तासांच्या आत औषध मिळालेले वेगळे काढून बघितल्यावर थोडा फरक दिसला, आणि तो आठचा आकडा तिथून आला. त्यावरून पुढं वीस वर्षं डॉक्टर भांडले. जंतुसंसर्ग वाढतो, पोटात रक्तस्राव होतो, हे पुढं आलं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या न्यूरोसर्जनांच्या संघटनांनी हे औषध वापरू नका असं स्पष्ट लिहिलं. २०१७ मध्ये दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय गटानं आठ तासांच्या आत एक पर्याय म्हणून ठेवायला हरकत नाही म्हटलं. आता भर आहे तो रक्तदाब पडू न देण्यावर आणि शक्य तर चोवीस तासांत शस्त्रक्रिया करून दाब काढण्यावर.

सात वर्षं मी पतसंस्थेच्या दाराशी उभा होतो, अकरा वाजायची वाट बघत. आणि कळलं काय, तर ते दार उघडलं असतं तरी पलीकडं बहुधा काही नव्हतं. मला हलकं वाटायला पाहिजे होतं. त्याऐवजी राग आला, आणि तो कुणावर हे कळेना. त्या डॉक्टरांवर नाही. त्यांनी तेव्हाचं पुस्तक सांगितलं. शिवाय तो हिशेब मिटला तरी दुसरा उरतोच. काखेत घातलेले माझे हात. जीपमधलं ते बसवणं. मधल्या भागातल्या पेशी त्या वेळी घुमत होत्या, कडेचे धागे अजून शाबूत असतील, आणि आम्ही दर खड्ड्याला तो पिचलेला मणका त्यांच्यावर दाबत होतो, की झालं ते आधीच खडकावर होऊन गेलं होतं? हे कुठल्याही एमआरआयवर दिसत नाही.

दादाला हे मी एकदाच बोललो. तो म्हणाला, "विहिरीत ठेवला असतास का मग?" आणि पाणी मागितलं.

घरी दुसरंच घड्याळ चालू होतं. दोन तासांचं. बधिर अंगावर एकाच बाजूला दाब राहिला की कातडी मरते, म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. ही शिस्त लुडविग गुटमन या डॉक्टरानं १९४४ मध्ये इंग्लंडातल्या स्टोक मँडेव्हिलला बसवली. त्याआधी असे बहुतेक रुग्ण चेतापेशींमुळं नाही, पाठीच्या फोडांनी आणि लघवीच्या जंतूंनी काही महिन्यांत जायचे. वहिनीला गुटमन माहीत नाही. तिनं मोबाइलवर गजर लावला होता: दहा, बारा, दोन, चार. पहिली दोन वर्षं ती सलग झोपलीच नाही. दादाला आजवर एकही खोल जखम झालेली नाही, आणि घरातल्या सगळ्या वाचनापेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते.

मधे एकदा स्टेम सेलवाला, म्हणजे मूळपेशी टोचून देणारा माणूस आला होता. रंगीत पत्रक, चार इंजेक्शनं, रक्कम अशी की दोन एकर विकावी लागली असती. या आजारात असे उपचार नोंदणी केलेल्या चाचणीबाहेर, पैसे घेऊन करू नयेत असं आपल्याकडच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं, आयसीएमआरचं धोरण आहे, हे मी घसा खरवडून सांगत होतो. मायचा जीव मात्र त्यात अडकला. दादानं त्याला चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तार आणणार तुम्ही. पण जॉइंट कोण मारणार? कुठली तार कुठं, हे कुणाला ठावं?" त्या माणसाकडं उत्तर नव्हतं. खरं तर अजून कुणाकडंच नाही.

दुकान २०११ पासून पुन्हा सुरू आहे. टेबल कापून बुटकं केलंय, चाकाची खुर्ची त्याच्याखाली बसते. जड काम दोन पोरं करतात. वाइंडिंग दादाच करतो. मागच्या रविवारी मी गेलो होतो. उन्हाळ्याची गर्दी, दारात दहा-बारा मोटारी, जळक्या वार्निशचा वास. एका पोरानं भट्टीवरून काढलेला स्टेटर, म्हणजे मोटारीचा तारा भरायचा लोखंडी भाग, टेबलावर ठेवायच्या ऐवजी क्षणभर दादाच्या मांडीजवळ टेकवला. मी ओरडलो. दादाला मांडीचं काही कळलं नव्हतं. त्यानं माझ्या ओरडण्यानं खाली बघितलं. लुंगीवर करपल्याचा डाग, खाली रुपयाएवढा लाल वण. त्यानं पोराला एक कचकचीत शिवी दिली, वणावर पाणी ओतलं, मलम लावलं आणि परत फर्म्यावर तार गुंडाळायला लागला. एका कॉइलचे बासष्ट टर्न. तोंडातल्या तोंडात मोजत होता.

मी समोरच्या स्टुलावर बसून बघत होतो. तार बोटांतून सरकत होती, तांब्याची, नवी, एनॅमल चकाकत होतं. मधेच त्याचा डावा पाय उडाला, खुर्चीच्या पट्ट्यावर टाच आपटली, टेबल हललं. दादानं एका हातानं गुडघा दाबून धरला, थरथर थांबेपर्यंत. मग तार हातात घेऊन थबकला.

"किती झाले होते रे?"

"एक्केचाळीस."

"मोजत होतास?"

"हो."

"बेचाळीस," तो म्हणाला, आणि फर्मा फिरवला.